‘उपकरण कॅलिब्रेट केलेले होते’ : एका वाक्याची झडती

पीएचडीच्या प्रवेशाची तयारी करताना किंवा सिनॉप्सिस लिहायला घेताना तुम्ही जुने प्रबंध चाळत असालच. त्यांच्या कार्यपद्धतीच्या प्रकरणात एक वाक्य हमखास सापडतं : ‘वापरापूर्वी सर्व उपकरणे कॅलिब्रेट करण्यात आली.’ आपण ते वाचतो, मान डोलावतो आणि पुढे जातो. बहुतेक परीक्षकही तेच करतात. मग आपल्या प्रबंधात आपणही ते जसंच्या तसं उतरवतो.

आज या एका वाक्याची समीक्षा करायची आहे. हे वाक्य खोटं असतं असं माझं म्हणणं नाही. अनेकदा ते खरंही असतं. पण त्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. कशाशी तुलना केली? कोणत्या दाबांवर केली? आणि उत्तर काय आलं? हे तीन प्रश्न विचारले की वाक्य गप्प बसतं.

उदाहरण म्हणून बीपीचं यंत्र घेऊ, तेही काट्याचं, म्हणजे ॲनेरॉईड. कारण साधं आहे. मी भोईवाड्यात राहतो. इथून चालत गेलं की केईएम, टाटा मेमोरियल, वाडिया आणि हाफकिन. केईएम १९२६ पासून आहे, टाटा मेमोरियल १९४१ पासून. दंडाला पट्टा बांधून रबरी फुगा दाबणं ही या पट्ट्यात दिवसभरात किती वेळा घडणारी गोष्ट असेल याची कल्पना करा. तुमच्यापैकी जे जीवशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, क्रीडाविज्ञान किंवा गृहविज्ञानात संशोधन करणार आहेत, त्यांच्या हातात कधी ना कधी हे यंत्र येणारच. आणि दाबमापक तपासण्याची सगळी मूलतत्त्वं त्यात दिसतात, तीही पुस्तकातल्यापेक्षा सोप्या रूपात.

पंप मोजत नाही

आधी मांडणी समजून घ्या. हवेचा हातपंप, ज्याला न्यूमॅटिक टेस्ट पंप म्हणतात. त्याला एक टी-जोड. टी-जोडाच्या एका तोंडाला तपासायचं यंत्र, दुसऱ्या तोंडाला संदर्भमापक, म्हणजे ज्याची अचूकता आधीच प्रमाणित झाली आहे असं मापक. बीपीच्या यंत्रासाठी मध्ये एक धातूचं भांडंही जोडतात. मग पंपाने दाब वाढवायचा, थांबायचं आणि दोन्ही आकडे एकाच वेळी वाचायचे.

यात पंपाचं काम एवढंच की दाब तयार करायचा आणि तो स्थिर ठेवायचा. खरा आकडा येतो संदर्भमापकाकडून. ‘आमच्याकडे कॅलिब्रेशन पंप आहे’ हे वाक्य म्हणूनच अपुरं आहे. पंप, जोड, नळ्या, ओ-रिंग हे सगळं नागदेवी स्ट्रीटवर एका दुपारी जमवता येईल. पण प्रमाणपत्र असलेलं संदर्भमापक नसेल तर तुम्ही दोन अनोळखी काटे एकमेकांशी ताडून पाहताय. ते जुळले तरी दोघं मिळून चुकत असतील.

पंपाचं महत्त्व कमी आहे असं मात्र नाही. चांगल्या पंपात मोठा दाब देण्याचा दट्ट्या वेगळा असतो आणि आकडा बारीक जुळवण्याचा स्क्रू वेगळा. दाब हळू सोडण्याचा व्हॉल्व्ह तिसरा. १५० वर नेमकं थांबायचं असेल तर हा बारीक स्क्रूच उपयोगी पडतो. रबरी फुग्याने कोणी १५० वर अचूक थांबू शकत नाही. तो १५३ वर जातो, मग हवा सोडून खाली येतो. हे ‘वर जाऊन खाली येणं’ किती महागात पडतं ते पुढे पाहू.

तेल का नाही, हवाच का

अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत तुम्ही डेड वेट टेस्टर पाहिला असेल. त्यात बहुधा तेल असतं. मोठ्या दाबांसाठी ते ठीक आहे. लहान दाबांना मात्र तेलाचं स्वतःचं वजनच नडतं.

हिशेब करून पाहा. तेलाची घनता घनमीटरला सुमारे ९०० किलो. दोन मापकांच्या उंचीत १० सेंटिमीटरचा फरक असेल तर तेवढ्या तेलाच्या स्तंभाचा दाब ९०० × ९.८ × ०.१, म्हणजे सुमारे ८८० पास्कल. १ मि.मी. पारा म्हणजे १३३ पास्कल. म्हणजे निव्वळ टेबलावरच्या मांडणीमुळे ६.६ मि.मी. पाऱ्याची चूक! हवेसाठी हाच हिशेब केला तर उत्तर ०.०१ मि.मी. पाऱ्याच्या आसपास येतं. ते सोडून देता येतं.

दुसरं कारण सुरक्षेचं आहे. ऑक्सिजनच्या सिलिंडरवरचा गेज तेलाने कधीही तपासू नये. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की आग किंवा स्फोट होऊ शकतो. अशा गेजवर तेल वापरू नये अशी सूचना छापलेली असते ती याचसाठी. तिथे स्वच्छ, कोरडी हवा किंवा नायट्रोजन वापरतात. पंपही तेलाचा स्पर्श न झालेलाच हवा.

थांबण्याची किंमत

आता समीक्षेच्या मुद्द्याकडे येऊ. ‘कॅलिब्रेट करण्यात आली’ या शब्दांत वेळ कुठेच दिसत नाही. आणि हवेच्या पंपाने काम करताना वेळच सगळ्यात जास्त छळते.

हवा झटकन दाबली की ती तापते. सायकलचा पंप मारताना नळी गरम लागते, तेच हे. पंप थांबला की हवा हळूहळू खोलीच्या तापमानाला येते आणि दाब उतरतो. किती? यंत्रावर २०० मि.मी. पारा दिसत असेल तर वातावरणाचे ७६० धरून एकूण दाब झाला ९६०. खोलीचं तापमान ३०० केल्विन. भांड्यातली हवा फक्त १ अंशाने थंड झाली तर दाब ९६० भागिले ३००, म्हणजे ३.२ मि.मी. पाऱ्याने उतरतो.

हा आकडा लक्षात ठेवा, कारण आता त्याची तुलना नियमाशी करायची आहे. कायदेशीर मापनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना, ओआयएमएल, हिने २००२ मध्ये बीपीच्या साध्या यंत्रांसाठी शिफारस काढली होती : आर १६-१. (प्रबंधात संदर्भ देताना सध्या लागू असलेली आवृत्ती पाहून घ्या, या शिफारशी वेळोवेळी बदलतात.) तिच्यानुसार नव्या यंत्राची चूक ±३ मि.मी. पाऱ्याच्या आत हवी, वापरातल्या यंत्राची ±४ च्या आत. आणि हवेची गळती मिनिटाला ४ मि.मी. पाऱ्यापेक्षा जास्त नको.

म्हणजे घाईघाईने पंप मारून लगेच गळती तपासली, तर एका अंशाचा तापमानबदलही चांगल्या यंत्राला गळकं ठरवण्याच्या बेताला नेतो. याच कारणाने गळतीच्या चाचणीत आकडा वाचण्याआधी निदान ६० सेकंद थांबायला सांगितलं आहे.

इथे एक शंका तुमच्या मनात यायला हवी. दोन्ही मापकं एकाच हवेला जोडली आहेत, मग दाब उतरला तर दोघांचाही उतरेल. तुलनेला काय फरक पडतो? शंका रास्त आहे. दोन्ही आकडे खरोखर त्याच क्षणी वाचले आणि नळ्यांमधून हवा वाहत नसली तर फरक पडत नाही. पण माणूस आधी एक आकडा वाचतो, वहीत लिहितो आणि मग दुसरीकडे पाहतो. त्या चार-पाच सेकंदांत दाब सरकलेला असतो. शिवाय हवा वाहत असताना नळीच्या दोन टोकांना दाब सारखा नसतो. थांबणं ही तुलनेची अट आहे, आणि आपल्या त्या वाक्यात ती अट पाळली की नाही हे कळत नाही.

चढताना वेगळा, उतरताना वेगळा

काट्याच्या यंत्रात आत एक पातळ धातूची डबी असते. दाब वाढला की ती फुगते आणि दात्यांच्या मदतीने काटा फिरवते. धातूला ओढ दिली की तो सोडताना थोडा मागे रेंगाळतो. त्यामुळे १०० चा दाब चढताना आला तर काटा एक दाखवतो, उतरताना आला तर किंचित जास्त. याला हिस्टेरिसिस म्हणतात. वरच्या शिफारशीनुसार हा फरक ४ मि.मी. पाऱ्याच्या आत हवा. तो तपासायला दाब टप्प्याटप्प्याने, एका वेळी ५० मि.मी. पाऱ्यापेक्षा जास्त नाही असा वर न्यायचा, सर्वोच्च दाबाला ५ मिनिटं ठेवायचा आणि त्याच टप्प्यांनी खाली आणायचा.

आता १५३ वर जाऊन १५० वर परत येण्याचा मुद्दा आठवा. चढत्या फेरीत असं केलं तर तो बिंदू चढता राहत नाही. तुमच्या तक्त्यात ‘चढता’ असं लिहिलेलं असतं, पण धातूला मात्र तो उतरता वाटलेला असतो. असं झालं तर खाली पुरेसं उतरून पुन्हा वर या.

आणि विचार करा, बीपी नेहमी उतरत्या दाबावर मोजतात. पट्टा फुगवून, हवा सोडत आवाज ऐकतात. ज्याने फक्त चढती फेरी केली, त्याने यंत्र ज्या दिशेने वापरलं जातं तीच दिशा तपासली नाही. तरी ‘कॅलिब्रेट करण्यात आली’ हे वाक्य त्याच्याही प्रबंधात खरंच ठरतं. माझी मुख्य तक्रार ही आहे.

पाऱ्याच्या यंत्रात हा त्रास नव्हता. पाऱ्याची घनता, स्तंभाची उंची आणि गुरुत्वाकर्षण यांतूनच दाब मिळायचा. आत स्प्रिंग नाही, दाते नाहीत. पण पारा विषारी आहे. मिनामाता करार २०१७ मध्ये लागू झाला आणि भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. पाऱ्याची यंत्रं जात आहेत ते योग्यच आहे. मात्र त्यांच्या जागी आलेला काटा एकदा टेबलावरून पडला की बिघडू शकतो, आणि बिघडूनही शून्यावर व्यवस्थित परत येऊ शकतो. शून्य बरोबर आहे म्हणून १४० बरोबर असेलच असं नाही.

संदर्भाचाही संदर्भ

संदर्भमापक किती अचूक हवं? शिफारस सांगते की त्याची अनिश्चितता ०.८ मि.मी. पाऱ्यापेक्षा कमी हवी. ३ ची मर्यादा तपासायला ०.८ चं माप, म्हणजे जवळपास चारास एक. ही साखळी वर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. मुंबईत, भोईवाड्यापासून फार लांब नाही, शीव-चुनाभट्टीला आयडेमी ही केंद्र सरकारची संस्था आहे. तिथे कॅलिब्रेशन करून मिळतं. एनएबीएलची मान्यता असलेल्या खासगी प्रयोगशाळाही आहेत. जिथे जाल तिथे एक पाहा : त्या प्रयोगशाळेची मान्यता तुमच्या दाबाच्या पल्ल्यासाठी आहे का? मान्यता सरसकट नसते. कोणती राशी, कोणता पल्ला, किती अनिश्चितता हे सगळं त्यात लिहिलेलं असतं.

साखळीतला एक गमतीचा दुवा सांगतो. डेड वेट टेस्टर वजनांवर चालतो आणि वजनाचा भार गुरुत्वाकर्षणावर अवलंबून असतो. प्रमाण मूल्य ९.८०६६५ आहे. मुंबईत ते ९.७८६ च्या आसपास आहे, दिल्लीत ९.७९१ च्या आसपास. प्रमाण मूल्यासाठी बनवलेली वजनं मुंबईत दुरुस्ती न करता वापरली तर ०.२ टक्क्यांची चूक होते. बीपीच्या २०० ला ही चूक ०.४ मि.मी. पारा, म्हणजे तिथे चालून जाईल. पण ०.०५ टक्के अचूकता सांगणाऱ्या टेस्टरच्या बाबतीत ही चूक त्याच्या दाव्याच्या चौपट आहे. प्रमाणपत्रावर ‘स्थानिक गुरुत्वाकर्षण’ असा रकाना असतो तो उगाच नाही.

तीन मि.मी.ने काय बिघडतं?

‘अरे, बीपी तर बोलता बोलता दहाने बदलतं, तीनचं काय घेऊन बसलास?’ हा प्रश्न मला नेहमी विचारतात. उत्तर असं. एका माणसाचं बीपी इकडेतिकडे होतं, ती चूक दोन्ही बाजूंना असते आणि सरासरीत बरीचशी मिटते. काट्याची चूक एकाच बाजूला असते. दहा हजार लोक मोजले तरी ती मिटत नाही.

एक काल्पनिक गट घेऊ. सरासरी वरचा दाब १३०, प्रमाण विचलन १५, वितरण सामान्य. यात १४० किंवा त्याहून जास्त असणारे हजारात सुमारे २५२. यंत्र सगळीकडे ३ ने जास्त दाखवत असेल तर ते होतात ३२०. अडुसष्ट माणसं काट्यामुळे रक्तदाबाची रुग्ण ठरली. उलट ३ ने कमी दाखवणारं यंत्र खऱ्या रुग्णांना घरी पाठवेल.

आता संशोधनाचं बघा. दोन गट, प्रत्येकी २०० माणसं, विचलन तेच १५. दोन्ही गटांचं खरं बीपी सारखंच आहे. पण एका गटाला एक यंत्र, दुसऱ्याला दुसरं, आणि दोन यंत्रांत ३ चा फरक. फरकाची प्रमाण त्रुटी १.५ येते आणि मोजलेला फरक नेमका ३ आला तर पी-व्हॅल्यू ०.०४६ च्या आसपास. अभिनंदन, तुमचा निष्कर्ष ‘सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय’ आहे! आणि दोन्ही यंत्रं कदाचित नियमात पास होती : एक अधिक दीड, एक उणे दीड. म्हणून प्रमाणपत्रावरचा ‘पास’ हा शब्द संशोधकाला पुरत नाही. त्याला प्रत्येक दाबावरची चूक, चिन्हासकट, हवी असते. आणि दोन्ही यंत्रं दोन्ही गटांत वाटून वापरायला हवीत.

या पद्धतीची स्वतःची मर्यादा

पंप आणि संदर्भमापक यांची तरफदारी इतकी केली, तर त्यांची बाजू कुठे लंगडी पडते तेही सांगायला हवं. ही तपासणी स्थिर दाबाची आहे. बटण दाबून चालणारं डिजिटल यंत्र पट्ट्यातल्या दाबाच्या बारीक स्पंदनांवरून बीपीचा अंदाज काढतं. पंपाने फक्त त्याचं दाबमापक तपासलं जातं. त्याचा अंदाज काढण्याचा हिशेब बरोबर आहे का, हे पंपाने कळत नाही. त्यासाठी माणसांवर तुलना करावी लागते. आयएसओ ८१०६०-२ मध्ये त्याची पद्धत आहे : किमान ८५ व्यक्ती, सरासरी फरक ५ च्या आत, विचलन ८ च्या आत. म्हणून ‘डिजिटल बीपी यंत्र कॅलिब्रेट केलेले होते’ हे वाक्य दिसलं तर विचारा : दाबमापक तपासलं, की बीपी?

तसंच लहान पट्टा मोठ्या दंडाला बांधला, किंवा मोजणाऱ्याला १२०, १३०, १४० असे शून्यावर संपणारे आकडे लिहायची सवय असली, तर कोणताही पंप वाचवू शकत नाही.

आणखी एक. कॅलिब्रेशन आणि जुळवणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅलिब्रेशन म्हणजे किती चुकतंय ते शोधून नोंदवणं. काटा फिरवून बरोबर करणं ही जुळवणी. आधी जुळवणी करून मगच आकडे नोंदवले, तर यंत्र आलं त्या अवस्थेत किती चुकत होतं हे कायमचं हरवतं. मग मागच्या सहा महिन्यांत त्याच यंत्रावर घेतलेल्या नोंदींचं काय करायचं, याला उत्तर राहत नाही. प्रयोगशाळेला यंत्र देताना ‘जुळवणीपूर्वीचे आकडेही द्या’ असं लेखी मागा.

मग वाक्य कसं लिहायचं?

खाली एक नमुना देतो. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही घाला.

‘अभ्यासात सहा ॲनेरॉईड यंत्रे वापरली. प्रत्येक यंत्र हवेच्या हातपंपाने ० ते ३०० मि.मी. पारा या पल्ल्यात ५० च्या टप्प्यांनी, चढत्या व उतरत्या क्रमाने, प्रत्येक टप्प्यावर ६० सेकंद थांबून संदर्भमापकाशी ताडून पाहिले. संदर्भमापकाची विस्तारित अनिश्चितता ०.६ मि.मी. पारा होती. पाच यंत्रांची सर्वाधिक त्रुटी +२ मि.मी. पारा आढळली. सहाव्या यंत्राची त्रुटी १५० ला +५ असल्याने ते वगळले. अभ्यास संपल्यावर पाचही यंत्रे जुळवणी न करता पुन्हा तपासली असता बदल १ मि.मी. पाऱ्याच्या आत होता.’

फार तर सात ओळी वाढल्या. पण आता वाचणाऱ्याला तुमच्या निष्कर्षातला ३ चा फरक किती गंभीरपणे घ्यायचा हे ठरवता येतं. वगळलेलं सहावं यंत्र लपवू नका. व्हायवात त्यावर प्रश्न आला तर तुमच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असेल.

शेवटचं वाक्य, म्हणजे अभ्यासानंतरची तपासणी, बहुतेक जण विसरतात. सिनॉप्सिसच्या वेळापत्रकात आणि खर्चाच्या तक्त्यात तिच्यासाठी आत्ताच एक ओळ ठेवा. शेवटच्या महिन्यात तिच्यासाठी ना वेळ उरतो ना पैसे.

पुढच्या लेखात अनिश्चिततेचा तक्ता प्रत्यक्ष कसा मांडायचा ते पाहू. तोपर्यंत एक काम करा : तुमच्या विभागातल्या कोणत्याही एका दाबमापकाचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र मागून घ्या आणि पहिल्या पानावरचा शिक्का सोडून दुसऱ्या पानावरचे आकडे वाचा.